वर्गाबाहेरचे शिक्षक



शिक्षणसंस्थेचा इतिहास लिहिताना आपण संस्थापकांची नावे आदराने घेतो, देणगीदारांचे आभार मानतो आणि गुणवत्तेने उत्तीर्ण झालेल्या मुलांची छायाचित्रे छापतो. ते योग्यच आहे. परंतु या सगळ्यांच्या मागे एक माणूस उभा असतो आणि त्याचे नाव स्मरणिकेत सहसा येत नाही. तो वर्गात शिकवीत नाही, किंवा शिकविण्याचे काम संपल्यावर त्याचे दुसरे काम सुरू होते. वसतिगृहात कोण उपाशी झोपला, कोणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज अडला, कोण दिवाळीच्या किंवा ईदच्या सुट्टीत घरी गेला तो परत आलाच नाही, याची नोंद तो ठेवतो. जुन्या काळी त्याला गृहपती म्हणत, महाविद्यालयात रेक्टर म्हणत, पुढे विद्यार्थी कल्याण अधिकारी म्हणू लागले आणि आता विद्यार्थी विकास अधिकारी म्हणतात. नावे बदलली, काम तेच राहिले.

हे काम शिकवणारी शाळा कोठे असते? गणिताचा शिक्षक गणित शिकून येतो, वकील कायदा शिकून येतो. गृहपतीने मात्र आपली विद्या कोणत्या पुस्तकातून घेतली? याचे उत्तर असे की, ती त्याने दुसऱ्या गृहपतीकडून घेतली. या पेशाची वाढ माणसे एकमेकांना भेटल्यामुळे झाली, आणि जेथे ती भेटली नाहीत तेथे गरीब विद्यार्थी वाटेतच गळाला. हा इतिहास आपल्या भोकरच्या पालकांना ठाऊक असणे आवश्यक आहे, कारण त्यातील शेवटचे पान आपल्याला लिहावयाचे आहे.

प्रारंभ अलीगढपासून करू. सर सय्यद अहमद खान १८६९ साली इंग्लंडला गेले आणि १८७० साली परतले. केंब्रिज आणि ऑक्सफर्ड येथे त्यांनी व्याख्यानांपेक्षाही एक गोष्ट बारकाईने पाहिली. तेथे विद्यार्थी आणि अध्यापक एकाच आवारात राहत, एकत्र जेवत आणि एकत्र वादविवाद करीत. २४ मे १८७५ रोजी अलीगढला मदरसा सुरू झाला आणि ८ जानेवारी १८७७ रोजी मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजची कोनशिला बसली, तेव्हा सर सय्यद यांच्या योजनेचे हृदय वर्गखोल्यांत नव्हते, ते वसतिगृहात होते. शिया आणि सुन्नी मुले एका छताखाली राहत. हिंदू विद्यार्थीही या महाविद्यालयात शिकत. येथून पहिला पदवीधर झाला तो ईश्वरी प्रसाद नावाचा हिंदू विद्यार्थी होता. शिस्तीसाठी प्रॉक्टर असे, मोठ्या मुलांकडे धाकट्यांची देखरेख सोपवलेली असे, आणि १८८४ साली स्थापन झालेल्या सिडन्स युनियन क्लबात मुले बोलावयास शिकत. पुस्तकाबाहेरचे शिक्षण म्हणजे काय, हे आपल्या समाजाने प्रथम येथे पाहिले.

परंतु वसतिगृहाला पैसा लागतो, आणि गरीब बापाच्या मुलाजवळ तो नसतो. १८९० साली साहबजादा आफताब अहमद खान यांनी ‘अंजुमन-उल-फर्ज’ म्हणजेच ‘ड्यूटी सोसायटी’ स्थापन केली. यातील नाव पाहा. गरजू विद्यार्थ्याला मदत करणे हा उपकार नसून फर्ज आहे, असे त्या नावातच सांगितले आहे. विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी निधी जमवावयाचा, गावोगाव जाऊन महाविद्यालयाची माहिती सांगावयाची आणि हुशार पण निर्धन मुलांना हात द्यावयाचा, अशी ती पद्धत होती. आज ज्याला आपण विद्यार्थी कल्याण निधी म्हणतो, त्याच्या हिंदुस्थानातील जुन्या नमुन्यांपैकी हा एक होय.

तथापि एका गावात पेटलेला दिवा दुसऱ्या गावात आपोआप पेटत नाही. त्यासाठी कोणीतरी वात घेऊन जावे लागते. सर सय्यद यांनी हे ओळखले होते. १८८६ च्या डिसेंबरात त्यांनी शैक्षणिक परिषद सुरू केली. पुढे तीच मोहमेडन एज्युकेशनल कॉन्फरन्स म्हणून प्रसिद्ध झाली. ही परिषद दरवर्षी निरनिराळ्या शहरांत भरे. ठराव होत, भाषणे होत, ती वर्तमानपत्रांत छापून येत. परंतु माझ्या मते तिचा खरा उपयोग मंडपाबाहेर होता. लाहोरचा शिक्षक, मद्रासचा व्यापारी, मुंबईचा बॅरिस्टर हे तेथे एकमेकांना भेटत. तुमच्याकडे मुलांच्या जेवणाची व्यवस्था कशी आहे, फी कोण भरतो, मुले पळून का जातात, अशी विचारपूस ज्यांना करावयाची ते तेथे ती करू शकत. १९०३ साली ही परिषद मुंबईत भरली आणि तिचे अध्यक्षस्थान न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी भूषविले. १८७४ साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना करणाऱ्यांपैकी तेच एक होते. महाराष्ट्रातील मुस्लिम शिक्षणाचे धागे उत्तरेतील धाग्यांशी असे जोडले गेले.

योगायोग असा की, त्याच १९०३ साली सात समुद्रापलीकडे अमेरिकेतील शिकागो शहरी अशीच एक बैठक झाली. तेथील विद्यापीठांत मुली नुकत्याच मोठ्या संख्येने येऊ लागल्या होत्या. त्यांच्या देखरेखीसाठी ‘डीन ऑफ विमेन’ नावाच्या बाई नेमल्या जात, परंतु त्यांनी नेमके काय करावयाचे हे कोणालाच ठाऊक नव्हते. प्रत्येकजण आपापल्या विद्यापीठात एकटी. तेव्हा शिकागो विद्यापीठाच्या मॅरियन टॅलबॉट यांनी आसपासच्या राज्यांतील अशा डीन बाईंना बोलावले. चर्चेचे विषय कोणते असावेत? मुलींनी राहावे कोठे, त्यांचे आरोग्य कसे सांभाळावे, त्यांचा कारभार त्यांनाच कितपत करू द्यावा. आपल्या वसतिगृहाच्या समितीत आजही हेच विषय असतात! पुढे १९१६ साली या बाईंची राष्ट्रीय संघटना झाली. पुरुष विद्यार्थ्यांच्या डीनांपैकी मोजके लोक १९१९ साली विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे जमले आणि त्यांचीही संघटना उभी राहिली. ही माणसे विद्वान होती, परंतु या कामात मात्र नवशिकी होती. आपला अनुभव दुसऱ्यापुढे ठेवावा आणि दुसऱ्याचा आपण घ्यावा, एवढ्याच बळावर त्यांनी त्या कामाचा एक प्रतिष्ठित पेशा बनविला.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले. खेड्यातला मुलगा शहरात शाळा आहे म्हणून शिकत नाही; शहरात त्याला झोपावयास जागा आणि दोन वेळची भाकरी मिळाली तर तो शिकतो, हे महाराजांनी ओळखले. त्यांनी जातीजमातींच्या पुढाऱ्यांना बोलावून आपापल्या मुलांसाठी वसतिगृहे काढण्यास प्रवृत्त केले. जैन, लिंगायत, अस्पृश्य मानलेले समाज, सर्वांची वसतिगृहे एकामागून एक उभी राहिली. मुसलमान मुलांना त्यांनी प्रथम मराठा बोर्डिंगमध्येच ठेवून घेतले आणि १९०६ साली मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन करून तिचे अध्यक्षपद स्वतः स्वीकारले. एक हिंदू राजा मुसलमान मुलांच्या शिक्षणसंस्थेचा अध्यक्ष होतो, ही घटना आपल्या मुलांना अवश्य सांगावी.

या वसतिगृहांमुळे कोल्हापूर हे गृहपतींचेच एक विद्यापीठ बनले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. एकाच शहरात इतकी वसतिगृहे शेजारी शेजारी असली म्हणजे एकाची रीत दुसऱ्याला कळते. चांगलीही कळते आणि वाईटही कळते. या शहरातील जैन बोर्डिंगमध्ये भाऊराव पाटील नावाचा एक दांडगा विद्यार्थी राहत होता. अस्पृश्य मुलांसाठी काढलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला तो गेला; परतल्यावर आंघोळ करून शुद्ध होण्यास सांगितले तेव्हा त्याने नकार दिला, आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले. वसतिगृह मुलाला घडवू शकते तसे घराबाहेरही काढू शकते, हे भाऊरावांनी स्वतःच्या अंगावर अनुभवले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वर सांगितलेली मॅडिसनची बैठकही याच सालची! १९२४ साली साताऱ्यास त्यांनी वसतिगृह काढले, त्यात सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीला बसत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. धान्य संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने विकले. वर्गाबाहेरच्या शिक्षकांच्या यादीत या माउलीचे नाव फार वर आहे, जरी तिच्याजवळ कसलेही पद नव्हते.

‘कमवा आणि शिका’ ही भाऊरावांची पद्धत तुम्हां सर्वांना ऐकून ठाऊक असेल. मुलाने हातांनी काम करावे, त्याचा मोबदला शिक्षणाला लावावा आणि कोणापुढे मिंधे होऊ नये. आज राज्यातील अनेक विद्यापीठांत ही योजना चालते. साताऱ्यातील एका वसतिगृहाची रीत विद्यापीठांची रीत कशी झाली? रयतेत वाढलेली मुले शिक्षक झाली, गृहपती झाली, प्राचार्य झाली, आणि जेथे गेली तेथे ती रीत घेऊन गेली. पुण्यात १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती स्थापन केली. खेड्यांतून पुण्यास आलेल्या गरजू विद्यार्थ्यांना निवास, भोजन आणि कामाची सवय देण्याचे तेच व्रत तिने चालविले.

आपल्या मराठवाड्याची कथा मात्र थोडी निराळी आहे. आपण निजामी राज्यात होतो. उच्च शिक्षणासाठी हैदराबादला जावे लागे. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ हेच आपले विद्यापीठ. १९३८ च्या अखेरीस औरंगाबाद आणि हैदराबाद येथील वसतिगृहांत वंदे मातरम् गाण्यावरून संघर्ष झाला आणि शेकडो विद्यार्थ्यांना शिक्षणास मुकण्याची पाळी आली. त्या गीताविषयी आपल्यात मतभेद असतील. ते क्षणभर बाजूला ठेवू. आपल्या विषयापुरता धडा असा की, वसतिगृहाचे दार मुलांना बंद झाले तेव्हा वर्ष वाया जाण्याचा प्रश्न उभा राहिला. त्या वेळी नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी या विद्यार्थ्यांना आपल्या विद्यापीठात प्रवेश दिला. एका विद्यापीठाने सोडलेल्या विद्यार्थ्याचा हात दुसऱ्या विद्यापीठाने धरला, म्हणून ती मुले पुढे शिकू शकली. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच एक.

हैदराबाद संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाल्यावर मराठवाड्यात महाविद्यालये निघू लागली. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून गाजले. वसतिगृह हा या महाविद्यालयाचा प्राण होता. प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्यासारख्या अध्यापकांनी मुलांना बोलते केले, लिहिते केले, रंगभूमीवर आणले. त्यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक तेथेच उभे राहिले. ज्या मुलांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पाटी आली नव्हती त्यांतून कवी, लेखक आणि अधिकारी निघाले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि आपली महाविद्यालये उस्मानियाकडून त्याच्याकडे आली. १९६३ साली डॉ. रफिक झकेरिया यांनी औरंगाबादला मौलाना आझाद महाविद्यालय सुरू केले. आपल्या समाजातील मुलामुलींना त्यामुळे जवळचे दार मिळाले.

दरम्यान सरकारी पातळीवरही या कामाची दखल घेतली जाऊ लागली होती. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ आयोगाने १९४९ च्या अहवालात विद्यार्थ्यांच्या कल्याणाचा स्वतंत्र विचार केला आणि त्यासाठी सल्लागार मंडळ असावे अशी शिफारस केली. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने तर विद्यार्थी कल्याणासाठी पूर्णवेळ अधिष्ठाता असावा, आरोग्य, निवास, मार्गदर्शन आणि आर्थिक साहाय्य या सेवा म्हणजे शिक्षणाचाच भाग समजाव्यात, असे स्पष्ट सांगितले. कागदावर ही मान्यता मोठी होती. परंतु कागद माणूस घडवीत नाही.

माणसे घडविणारी योजना आली ती २४ सप्टेंबर १९६९ रोजी. गांधी जन्मशताब्दीच्या त्या वर्षी ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. प्रत्येक महाविद्यालयात एक प्राध्यापक कार्यक्रम अधिकारी झाला, विद्यापीठात समन्वयक आला. विशेष म्हणजे या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाची सोय करण्यात आली. वेगवेगळ्या महाविद्यालयांचे प्राध्यापक काही दिवस एकत्र राहत, एकत्र जेवत, आणि शिबिरात शंभर मुलांचे पाणी, जेवण, भांडण आणि आजारपण कसे निभवावे हे एकमेकांकडून शिकत. १९७२ च्या दुष्काळानंतर ‘दुष्काळाविरुद्ध युवक’ या विषयावर देशभर शिबिरे झाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात आपला शेजारचा लातूर जिल्हा उद्ध्वस्त झाला, तेव्हाही महाविद्यालयांतील मुले धावून गेली. अशा वेळी ज्या प्राध्यापकाची दहा गावांतील दहा प्राध्यापकांशी ओळख असते, त्याच्या एका निरोपावर मदतीचा मार्ग मोकळा होतो.

पुढील टप्पा आपल्या अगदी जवळचा आहे. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. भोकरच्या मुलाला विद्यापीठाच्या कामासाठी औरंगाबादची वाट धरण्याचे कारण उरले नाही. हैदराबाद मुक्तिलढ्याचे नेते दिगंबरराव बिंदू यांच्या नावाचे महाविद्यालय तर भोकरमध्येच आहे. २००३ पासून राज्यातील विद्यापीठांचा ‘इंद्रधनुष्य’ हा युवक महोत्सव भरतो. त्यात मुले नाचतात, गातात, नाटके करतात हे आपण पाहतो. परंतु त्यांच्याबरोबर आलेले संघव्यवस्थापक रात्री एकत्र बसून काय बोलतात तेही महत्त्वाचे असते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ याने विद्यार्थी विकास मंडळ आणि विद्यार्थी विकास संचालक यांना कायद्यात स्थान दिले. ‘कल्याण’ हा शब्द जाऊन ‘विकास’ हा शब्द आला. कल्याण आपण दुसऱ्याचे करतो, विकास ज्याचा त्याला करावयाचा असतो. म्हणून हा बदल मला योग्य वाटतो.

इतके सगळे असूनही एक उणीव राहतेच, आणि ती लपविण्यात अर्थ नाही. बहुतेक महाविद्यालयांत विद्यार्थी विकास अधिकारी हा मुळात मराठीचा, भूगोलाचा किंवा वाणिज्याचा प्राध्यापक असतो. हे काम त्याच्याकडे अतिरिक्त म्हणून येते. काही वर्षांनी त्याची जबाबदारी बदलते, आणि त्याने जमविलेली माहिती त्याच्याबरोबरच जाते. कोणत्या वसतिगृहात जागा असते, कोणत्या कागदावाचून अर्ज परत येतो, कोणता दानशूर गृहस्थ एका मुलीची फी न बोलता भरतो, हे कोणत्याही परिपत्रकात लिहिलेले नसते. ते माणसाच्या डोक्यात असते आणि दुसऱ्या माणसाशी बोलूनच पुढे जाते. म्हणून या पेशात ओळखपाळख ही चैन नव्हे, ती त्याची शिदोरी आहे.

आता तुम्ही विचाराल की, या इतिहासाशी भोकरच्या पालकाचा संबंध काय? संबंध असा की, आपली मुले बुद्धीने कमी पडतात म्हणून मागे राहत नाहीत. बारावी झालेला मुलगा नांदेडला किंवा लातूरला जातो, खोलीचे भाडे परवडत नाही, उत्पन्नाचा दाखला वेळेवर मिळत नाही, बँकेचे खाते आधारशी जोडलेले नसते, अर्जाची मुदत टळते. सहा महिन्यांनी तो परत येतो आणि दुकानावर बसतो. मुलीच्या बाबतीत तर राहण्याची खात्रीची सोय नाही एवढे एकच कारण पुरते. महाडीबीटीवर राजर्षी छत्रपती शाहू महाराजांच्या नावाने शिक्षण शुल्काची योजना आहे, डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राज्याची शिष्यवृत्ती आहे. ज्या राजाने १९०६ साली आपल्या मुलांसाठी सोसायटी काढली त्याच्याच नावाची योजना आजही सुरू आहे, आणि आपल्याला तिची अट ठाऊक नसावी, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

म्हणून माझे तीन अर्ज आहेत. पहिला पालकांना. प्रवेशाच्या दिवशी फी भरून परत येऊ नका. त्या महाविद्यालयाचा विद्यार्थी विकास अधिकारी कोण, वसतिगृहाचा रेक्टर कोण, हे विचारा आणि त्यांना भेटा. तुमचे मूल त्यांना नावाने ठाऊक असले म्हणजे अर्धे काम झाले. बाप लिहिणारा-वाचणारा नसला तरी चालेल; सलाम-नमस्कार करावयास पदवी लागत नाही.

दुसरा अर्ज विद्यार्थ्यांना. राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घाला, शिबिराला जा, युवक महोत्सवात भाग घ्या. तेथे केवळ प्रमाणपत्र मिळत नाही, माणसे मिळतात. आणि तुम्ही नोकरीला लागलात म्हणजे गावातून मागाहून येणाऱ्या मुलासाठी अर्ध्या तासाचा वेळ काढा. अलीगढच्या पोरांनी १८९० साली यालाच फर्ज म्हटले होते.

तिसरा अर्ज आपल्या संस्थेला. शिक्षकांपैकी एकाने हे काम आपले मानावे. दर जून महिन्यात त्याने नांदेड, लातूर येथील महाविद्यालयांतील अधिकाऱ्यांना भेटून यावे, आणि जे कळले ते एका वहीत लिहावे. वही संस्थेच्या कपाटात राहावी, म्हणजे माणूस बदलला तरी माहिती राहील. परगावी शिकून स्थिरावलेल्या आपल्या मुलामुलींची नावेही त्याच वहीत असावीत. याला इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही. एस.टी.चे भाडे आणि एक वही, एवढाच खर्च.

सर सय्यद यांनी परिषद भरविली, शाहू महाराजांनी पुढाऱ्यांना वाड्यावर बोलावले, टॅलबॉटबाईंनी पत्रे लिहिली. तिघांनीही काम एकच केले. एकट्याने झगडणाऱ्या माणसांना एकमेकांशेजारी बसविले. भोकर लहान आहे, पण रेल्वे आणि रस्ता दोन्हीही येथून जातात. आपल्या गावचा एक शिक्षक पुढच्या जूनमध्ये ती वही घेऊन नांदेडच्या गाडीत बसावा, आणि त्या वहीमुळे एक मुलगा किंवा एक मुलगी परत न येता शिक्षण पुरे करावी, एवढीच दुआ. अल्लाहतआला आपल्या मुलांच्या इल्ममध्ये बरकत देवो.